खानदेशच्या गिरण्या कोणी घालवल्या?

आजारी कापड गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केंद्र सरकारने 1974 साली केला. त्याच्या परिशिष्टात 103 गिरण्यांची नावे आहेत. त्यांत चाळीसगावची लक्ष्मीनारायण मिल आहे आणि धुळ्याची न्यू प्रताप मिलही आहे. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला तो 18 जानेवारी 1982 रोजी. ज्या संपाने महाराष्ट्राचा गिरणी धंदा बुडवला असे दोन पिढ्या ऐकत आल्या, तो सुरू होण्याच्या काही वर्षे आधीच खानदेशातल्या चार मोठ्या गिरण्यांपैकी दोन मालकांच्या हातून सुटून सरकारच्या गळ्यात पडल्या होत्या. तारखांचा हा क्रम साधा आहे, पण तो फारसा कोणी मांडत नाही. लाल बावट्याने, युनियनबाजीने कारखाने पळवले, उद्योग गुजरातेत आणि मध्य प्रदेशात गेले, हे वाक्य जळगाव-धुळ्याच्या चौकांतही तितक्याच सहजपणे बोलले जाते. ते तपासून पाहायला खानदेशाइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. पश्चिमेला नवापूर ओलांडले की गुजरात, उत्तरेला सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. कापूस तिन्हीकडे पिकतो, रेल्वे आणि महामार्ग तिन्हीकडे जातात. संघटनेला कंटाळून राज्य सोडायचे असते, तर खानदेशातल्या कारखानदाराइतके जवळचे दार कोणालाच नव्हते.

खानदेशातल्या गिरण्या मुळात अशाच एका स्थलांतरातून जन्मल्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव आभाळाला भिडले. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रूळ जळगाव-भुसावळपर्यंत आला. कापूस पिकतो त्या मुलखातच सूत काढावे, म्हणजे गठाणी मुंबईला न्यायचा आणि सूत परत आणायचा खर्च वाचतो, हा हिशेब मुंबईच्या भांडवलदारांना लवकर उमगला. मूळजी जेठा या मुंबईच्या पेढीने जळगावात खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी केली, ती 1874 च्या सुमारास. मुंबई शहरात गिरण्या उभ्या राहू लागल्याला तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती. पुढे 1900 साली ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत खानदेशाला जोडले, चाळीसगाव-धुळे फाटाही त्याच वर्षी सुरू झाला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रतापशेठ यांनी अमळनेरला प्रताप मिल काढली. त्याच नावाची न्यू प्रताप मिल पुढे धुळ्याला आली, चाळीसगावला लक्ष्मीनारायण मिल आली. प्रतापशेठांनी 1916 साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिरही स्थापन केले. एवढ्याशा गावात वेदान्ताच्या अभ्यासाची संस्था आणि हजारो चात्यांचा कारखाना एकाच घराण्याच्या पैशावर चालत होता, हा त्या काळच्या भांडवलाचा एक चेहरा होता आणि त्याचा मान राखूनच पुढचे बोलले पाहिजे.

पण मुंबईचे भांडवल आत आले ते केवळ कापसासाठी नव्हे. इथली मजुरी मुंबईपेक्षा कमी होती आणि कमीच राहिली. मुंबई प्रांतात पहिले काँग्रेस मंत्रिमंडळ आल्यावर 1937 मध्ये जयरामदास दौलतराम यांच्या अध्यक्षतेखाली कापड कामगार चौकशी समिती नेमली गेली. वैकुंठभाई मेहता आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य होते. मुंबई, अहमदाबाद आणि सोलापूर यांच्याबरोबर खानदेशच्या गिरण्याही तिच्या कक्षेत होत्या आणि मजुरीच्या उतरंडीत खानदेश मुंबई-अहमदाबादच्या बराच खाली होता. गिरणीत येणारा माणूस बहुधा कोरडवाहू शेतीतला होता. त्याचे अर्धे घर शेतावर आणि अर्धे पाळीवर असे. हंगामात गावी गेला तर बदली कामगार त्याच्या साच्यावर उभा राहायचा. अशा माणसाची संघटना बांधणे मुंबईच्या गिरणगावात संघटना बांधण्यापेक्षा अवघड होते, कारण इथे चाळ नव्हती, एका भोंग्यावर जागा होणारा लाखोंचा समाज नव्हता.

तरीही संघटना बांधल्या गेल्या. फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले आणि पूर्व खानदेशात राजकीय जाग आली. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी 1938 साली अमळनेरहूनच ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढले आणि शेतकऱ्यांबरोबर गिरणी कामगारांचे प्रश्नही ते मांडू लागले. कम्युनिस्ट कार्यकर्तेही त्याच गिरण्यांच्या दारांशी उभे होते. 1946 साली अमळनेरला गिरणी कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. त्याच वर्षी मुंबई औद्योगिक संबंध कायदा झाला. या कायद्याने एका गावातल्या एका उद्योगासाठी एकच ‘प्रातिनिधिक’ संघटना मान्य केली. संपाआधी नोटीस, मग समझोता, मग लवाद अशी लांब वाट बांधून दिली आणि ती वाट सोडून केलेला संप बेकायदा ठरवला. जळगावात राष्ट्रीय गिरणी कामगार संघ या वाटेने चालणारा होता. कोर्टात जाणारा, कागदपत्रे मागणारा, आकडेमोड करणारा. स्वातंत्र्यानंतरच्या खानदेशात गिरणी कामगारांचे मुख्य हत्यार संप राहिला नाही, अर्ज राहिला. हे लक्षात ठेवावे, कारण ‘युनियनबाजी’ या शब्दाने डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, ते या गिरण्यांच्या शेवटच्या तीस वर्षांवर बसत नाही.

तो अर्ज कशासाठी असे? बहुतेक वेळा बोनससाठी. आणि बोनसच्या भांडणात या साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. 1950 साली कामगार अपील न्यायाधिकरणाच्या पूर्ण पीठाने मुंबईच्या गिरण्यांच्या वादात एक सूत्र घालून दिले. गिरणीच्या ढोबळ नफ्यातून आधी घसारा वजा करायचा. मग जुनी यंत्रे बदलण्यासाठी लागणारा ‘पुनर्वसना’चा खर्च वजा करायचा. मग भरणा झालेल्या भांडवलावर सहा टक्के परतावा, खेळते भांडवल म्हणून वापरलेल्या राखीव निधीवर त्याहून कमी दराने परतावा, आणि कर. एवढे सगळे काढून झाल्यावर जे उरेल त्यात कामगाराचा वाटा. म्हणजे नव्या यंत्राचा हक्क कायद्याने कामगाराच्या बोनसआधी धरला होता. कामगारांनी नफा खाऊन टाकला म्हणून यंत्रे म्हातारी झाली, हा आरोप या एका सूत्रापुढे फार वेळ उभा राहू शकत नाही. सूत्राच्या रांगेत यंत्र पुढे होते, कामगार शेवटी होता.

जळगावच्या खानदेश मिलचा बोनसचा वाद याच सूत्रावरून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्स विरुद्ध राष्ट्रीय गिरणी कामगार संघ, जळगाव, हा निकाल 1960 च्या निकालसंग्रहात छापलेला आहे आणि बोनसच्या कायद्यात तो पुढे अनेकदा आधाराला घेतला गेला. कंपनीला राखीव निधीवर परतावा हवा होता. न्यायालयाचे म्हणणे असे की हा निधी खेळते भांडवल म्हणून खरोखर वापरला गेला, हे कंपनीने पुराव्याने दाखवायला हवे. ताळेबंदात तसे लिहिले आहे, एवढ्याने ते सिद्ध होत नाही. कामगारांना तो पुरावा तपासायची आणि त्यावर उलटतपासणी करायची संधी मिळायला हवी. एका जिल्ह्याच्या शहरातल्या कामगार संघटनेने देशातल्या सर्वोच्च न्यायालयात मालकाला विचारले की पैसा कुठे गेला ते दाखवा. या घटनेचे मोल मला फार वाटते. भांडवल यंत्रांत परत घातले गेले की दुसरीकडे वळले, हा प्रश्न त्या काळी विचारणारे कामगारांशिवाय कोणीच नव्हते. भागधारक लाभांश घेऊन गप्प होते, सरकार उत्पादनशुल्क घेऊन.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. यंत्रांसाठी पैसा राखून ठेवला तरी नवी यंत्रे आणू दिली कोणी? स्वयंचलित माग आले की एक विणकर दोनाऐवजी कितीतरी साचे सांभाळणार, म्हणजे माणसे कमी होणार, म्हणून संघटनांनी आधुनिकीकरणाला अडसर घातला. यात तथ्य आहे. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेत सुसूत्रीकरणाची जी तत्त्वे ठरली, त्यांत सध्याच्या माणसांना काढू नये ही अट होती आणि संघटनांनी ती धरून ठेवली. पण अडसर एकट्या संघटनेचा नव्हता. हातमागाच्या संरक्षणासाठी सरकारने 1950 च्या दशकाच्या मध्यापासून गिरण्यांतल्या मागांची संख्या वाढू द्यायचीच नाही असे धोरण ठेवले. गिरणीच्या कापडावर जास्त शुल्क बसवले. 1964 पासून गरिबांसाठी ‘नियंत्रित कापड’ ठरलेल्या भावात काढण्याची सक्ती केली. खानदेशातल्या गिरण्या जाड्याभरड्या सुताच्या, धोतरे-लुगड्यांच्या कापडाच्या होत्या. नियंत्रित कापडाची झळ अशाच गिरण्यांना सर्वांत जास्त लागते, कारण त्यांच्याकडे उंची कापडावर तोटा भरून काढायची सोय नसते. ज्या मालकाला नफ्याची खात्री नाही तो नवे माग घेत नाही, संघटना कितीही नम्र असो. संघटनेच्या विरोधाला मी एक कारण मानतो, पण ते कारणांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर ठेवायला पुरावा मिळत नाही.

मग काम गेले कुठे? कापड विणणे थांबले नव्हते, उलट देशात कापड दर दशकाला वाढत होते. स्वातंत्र्याच्या वेळी देशाच्या कापडाचा फार मोठा हिस्सा संयुक्त गिरण्या काढत. 1990 पर्यंत तो पाव हिश्शाच्याही कितीतरी खाली आला आणि त्याची जागा यंत्रमागाने घेतली. महाराष्ट्रात यंत्रमाग म्हणजे भिवंडी, इचलकरंजी आणि मालेगाव. मालेगाव धुळ्यापासून पन्नास किलोमीटरवर आहे. धुळे शहरातही यंत्रमाग खडखडत होते. गिरणीचे काम राज्याची सीमा ओलांडून पळाले नाही, ते शेजारच्या तालुक्यात, शेजारच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये गेले. शेडमध्ये जाण्याचे गणित 1948 च्या कारखाने कायद्यात होते. वीज वापरणाऱ्या जागेत दहा कामगार असले की ती जागा कारखाना ठरे आणि तिथे तपासनीस, कामाचे तास, पगारी रजा सगळे लागू होई. नऊवर थांबले की यातले काहीच लागू नसे. एकाच मालकाचे माग चार नावांवर, चार मीटरांवर दाखवले की कायद्याच्या नजरेला तो कारखानदार दिसतच नसे. तिथे बारा तासांची पाळी, मीटरवर मोजलेली मजुरी, महागाई भत्ता नाही, बदलीचे कार्ड नाही.

आणि इथे संघटनांविरुद्धच्या आरोपाचे जे खरे आहे ते मान्य केलेच पाहिजे. गिरणीतला पगार आणि शेडमधली मजुरी यांत जी दरी पडली, ती संघटनेने मिळवून दिलेल्या महागाई भत्त्यामुळे आणि बोनसमुळेही पडली. त्या दरीचा मोह मालकाला नसता तर यंत्रमागाचा एवढा पसारा झाला नसता. कारखानदार संघटनेपासून दूर जातो, हे मी नाकारत नाही. पण तो कोणत्या दिशेने जातो हे नीट पाहिले पाहिजे. मोठ्या जागेतून छोट्या जागेत जाणे पुरेसे असेल, तर मुंबई-आग्रा रस्त्याने मध्य प्रदेशातल्या सेंधव्यापर्यंत जायची गरज काय? राज्य बदलण्याची गरज मजुरीसाठी पडत नाही. त्यासाठी वेगळी कारणे लागतात.

त्या कारणांकडे वळण्यापूर्वी सीमेपलीकडच्या कायद्याचीच गोष्ट पाहू. 1 मे 1960 ला द्विभाषिक मुंबई राज्य दुभंगले तेव्हा 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा महाराष्ट्राला मिळाला आणि गुजरातलाही मिळाला. मध्य प्रदेशाने 1960 मध्येच स्वतःचा औद्योगिक संबंध कायदा केला, तोही याच घडणीचा. म्हणजे जळगावच्या गिरणीतल्या कामगाराला, सुरतेतल्या कामगाराला आणि बुऱ्हाणपूरच्या कामगाराला दीर्घकाळ जवळजवळ एकाच धर्तीची प्रातिनिधिक संघटना, एकाच धर्तीची नोटीस, एकाच धर्तीचा लवाद होता. महाराष्ट्राने 1971 साली कामगार संघटनांच्या मान्यतेचा आणि अनुचित कामगार प्रथांचा वेगळा कायदा केला हे खरे, पण जिथे जुना कायदा लागू होता त्या कापड उद्योगाला त्यातले संघटना-मान्यतेचे प्रकरण लागूच नव्हते. रावेरच्या पलीकडे बुऱ्हाणपूरची ताप्ती मिल याच 1974 च्या यादीत आली, तीही आजारी होती. अहमदाबादेत तर अनसूया साराभाई आणि गांधीजी यांच्या प्रेरणेने 1920 साली उभा राहिलेला मजूर महाजन होता. देशातली सर्वांत सौम्य, लवादावर श्रद्धा असलेली, संप जवळपास न करणारी संघटना म्हणून तिची ख्याती. 1980 आणि 1990 च्या दशकांत अहमदाबादच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. संघटना लढाऊ होती तिथे गिरण्या गेल्या, संघटना नरम होती तिथेही गेल्या, मजुरी जास्त होती तिथे गेल्या, कमी होती तिथेही गेल्या.

असेच अमेरिकेतही घडले होते. मॅसॅच्युसेट्समधल्या कापड गिरण्या विसाव्या शतकाच्या आरंभी कॅरोलायनांकडे, दक्षिणेकडे सरकल्या. तिथे मजुरी स्वस्त होती आणि संघटना मुळीच रुजू दिल्या जात नव्हत्या. गॅस्टोनियाच्या लोरे मिलमधला 1929 चा संप तिथे चिरडला गेला. दक्षिणेने उत्तरेचा धंदा खाल्ला खरा, पण शतकाच्या शेवटी त्या संघटनाविरहित दक्षिणेतल्या गिरण्याही बंद पडल्या आणि काम देशाबाहेर गेले. उत्तरेकडचे उदाहरण सगळे देतात, दक्षिणेचा शेवट मात्र क्वचितच कोणी सांगतो.

संघटनांमुळे उद्योग राज्य सोडत नाहीत, या मताच्या विरुद्ध सर्वांत वजनदार पुरावा अर्थशास्त्रज्ञांचा आहे. टिमथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी 2004 साली एक निबंध प्रसिद्ध केला. 1958 ते 1992 या काळात भारतातल्या राज्यांनी औद्योगिक विवाद कायद्यात ज्या दुरुस्त्या केल्या, त्यांची त्यांनी कामगारधार्जिण्या आणि मालकधार्जिण्या अशी वर्गवारी केली, आणि कामगारधार्जिण्या राज्यांत नोंदणीकृत कारखानदारीची वाढ मंद राहिली असे दाखवले. महाराष्ट्र त्यांच्या कामगारधार्जिण्या गटात आहे. हा निबंध अजून प्रत्येक धोरणचर्चेत येतो आणि त्याला उत्तर देणे भाग आहे. पहिले उत्तर असे की त्याच गटात गुजरातही आहे. ज्या राज्याकडे आपले कारखाने पळतात म्हणून आपण हळहळतो, ते राज्य या मापनात आपल्याच रांगेत उभे आहे. आदित्य भट्टाचार्जी यांनी या वर्गवारीच्या पद्धतीवरच तपशीलवार टीका केली आहे. दुसरे उत्तर निबंधाच्या आतच आहे. कामगारधार्जिण्या राज्यांत नोंदणीकृत उत्पादन मंदावले, पण अनोंदित उत्पादन वाढले, असे लेखकांना आढळले. हे तर मालेगावच्या शेडचेच वर्णन झाले. कायदा कडक झाला की भांडवल नोंदवहीतून निसटते, राज्यातून निसटतेच असे नाही.

मग सीमा ओलांडायला काय लावते? खानदेशात याचे सर्वांत स्वच्छ उत्तर कापसाने दिले आहे. महाराष्ट्राने 1972-73 च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू केली आणि ती सुमारे तीन दशके या ना त्या रूपात चालली. राज्यातला सगळा कापूस पणन महासंघाच्या केंद्रावर, खासगी व्यापार बंद. ज्या वर्षी बाहेर भाव चढा असे त्या वर्षी शिरपूर, चोपडा, रावेरकडचा कापूस रात्री बैलगाड्यांतून आणि ट्रकांतून सातपुड्यापलीकडे जाई. सेंधवा, खेतिया या मध्य प्रदेशातल्या गावांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने भरभराटले, ते महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहेत म्हणून. शेतावरून थेट गिरणीत येणारी स्वस्त रुई हा खानदेशातल्या गिरणीचा 1874 पासूनचा एक मोठा फायदा होता. एकाधिकाराने तो काढून घेतला. कापूस इथे पिकला तरी महासंघाच्या गठाणीचा भाव इथल्या आणि दूरच्या गिरणीला सारखाच. पुढे एकाधिकार ढिला पडला आणि मध्य प्रदेशातला मंडी कर बोचू लागला तेव्हा सीमेपलीकडचेच जिनिंगवाले महाराष्ट्राकडे पाहू लागले. दोन्ही वेळा हिशेब कर आणि खरेदीच्या नियमांचा होता, मजुराच्या संघटनेचा त्यात कुठेच प्रश्न नव्हता.

विजेचे तसेच आहे. महाराष्ट्रात उद्योगाची वीज शेजारच्या राज्यांपेक्षा महाग, ही तक्रार धुळे आणि जळगावच्या औद्योगिक वसाहतींत गेली कित्येक वर्षे सर्वांत मोठ्या आवाजात केली जाते. सरकारलाही ती पटली, म्हणूनच 2016 मध्ये विदर्भ आणि मराठवाड्याबरोबर उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांनाही वीजदरात सवलत जाहीर झाली. 2012 च्या वस्त्रोद्योग धोरणाने या भागात यंत्रांवर भांडवली अनुदानही दिले. परिणाम नवापूरला दिसला. सुरतेतले विणाईवाले आपले माग घेऊन सीमा ओलांडून नवापूरच्या औद्योगिक वसाहतीत आले. जो तालुका 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यात होता, तिथे गुजरातचा कारखानदार महाराष्ट्रात आला, त्या महाराष्ट्रात, ज्याला कामगारधार्जिणा म्हणून नावे ठेवली जातात. नवापूरला आल्यावर त्याच्यासाठी कामगार कायदा काही सैल झाला नव्हता. विजेचे बिल आणि अनुदानाचा आदेश मात्र बदलला होता.

रेमंडचा प्रवासही याच दृष्टीने पाहावा. ठाण्याच्या जुन्या गिरणीनंतर कंपनीने 1979 मध्ये जळगावला कारखाना काढला, 1991 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याजवळ, 2006 मध्ये गुजरातेत वापीला, आणि 2009 मध्ये ठाण्याची गिरणी बंद झाली. वरवर हे महाराष्ट्रातून पळण्याचे सरळ उदाहरण वाटते. पण ठाणे आणि जळगाव एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली आहेत. ठाणे बंद झाले, जळगाव चालू राहिले. ठाण्याच्या जमिनीवर आज घरांचे टॉवर उभे राहत आहेत. लोकरी कापडापेक्षा तिथली जमीन महाग झाली होती. कारखाने चार ठिकाणी पसरले की एका ठिकाणचा संप सगळे उत्पादन थांबवू शकत नाही, हा विचार कोणत्याही मोठ्या कंपनीच्या मनात असतो आणि त्याचे वजन मी कमी लेखत नाही. पण तो विचार कारखाने विखरायला सांगतो, अमुक एका राज्याचे नाव सांगत नाही. नाव ठरवताना कराची सूट बोलते. 2003 नंतर हिमाचल आणि उत्तराखंडात औषधांचे कारखाने गेले, ते दहा वर्षांच्या उत्पादनशुल्क माफीसाठी. 2022 साली तळेगावऐवजी गुजरातेत जाहीर झालेल्या वेदांता-फॉक्सकॉन प्रकल्पावर महाराष्ट्रात महिनोन्‌महिने वाद झाला, त्यात अनुदानाचे आकडे निघाले, पाणी निघाले, वीज निघाली, दिल्लीचे राजकारण निघाले. त्या वादात कामगार संघटना जवळजवळ कुठेच नव्हत्या.

जळगावात उद्योग टिकलेच नाहीत असेही नाही. डाळ मिल, प्लास्टिकच्या चटया, पाइप, आणि 1986 च्या सुमारास ठिबक सिंचनात उतरलेली भवरलालजी जैन यांची कंपनी, हे सगळे त्याच राज्यात, त्याच कायद्याखाली वाढले. गिरण्या गेल्या आणि हे उभे राहिले, यांतला फरक इतकाच की या धंद्यांचे यंत्र नवे होते आणि माल त्या काळाला हवा असलेला होता. एका आक्षेपाचे उत्तर मात्र यातून मिळत नाही: संघटना नसत्या तर गिरण्या आणखी काही वर्षे तरी जगल्या असत्या की नाही? कदाचित जगल्या असत्या, कमी मजुरीवर, जुन्या साच्यांवर. चाळीसगाव-धुळ्याच्या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आणखी काही दशके तशाच चालवल्या आणि शेवटी स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा देऊन बंद केल्या.

संघटनेने गिरणी वाचवली नाही, हे खरेच आहे. ते तिच्या हातात नव्हते. तिच्या हातात होता तो बंद पडतानाचा हिशेब. कंपनी गुंडाळली जाताना कामगारांनाही न्यायालयापुढे म्हणणे मांडायचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली दिला तो कामगार संघटनेच्याच अर्जावर. 1985 मध्ये कंपनी कायद्यात नवे कलम आले आणि कामगारांची देणी तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीने रांगेत उभी राहिली. त्याआधी बँक सगळे घेऊन जायची आणि कामगार मागे उरायचा. जळगाव स्थानकाशेजारी खानदेश मिलच्या जमिनीवर आज खानदेश सेंट्रल उभे आहे. गिरणीच्या कामगाराजवळ हजेरीचे कार्ड, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि संघाची पावती होती, म्हणून त्याला थकलेल्या देण्यावर दावा सांगता येत होता. मालेगाव, धुळे किंवा नवापूरच्या शेडमधला माग उद्या दुसऱ्या राज्याच्या अनुदानामागे ट्रकवर चढला, तर त्यावर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाकडे यांतले काहीच नसते. त्याचे नाव कोणत्या पुस्तकात लिहायचे हे कारखाने कायदा सांगत नाही, कारण तो कायद्याच्या मर्यादेच्या आत मोजला गेला आहे. वस्त्रोद्योगाची सवलत यंत्राच्या किमतीवर आणि विजेच्या युनिटवर मोजली जाते. ती प्रत्येक शेडच्या हजेरीपुस्तकाला आणि भविष्य निर्वाह निधीच्या भरण्याला जोडावी, ही मागणी जळगाव-धुळ्याच्या लोकप्रतिनिधींनी आज विधानसभेत करायला हवी.